पॉइंटचा रकाना बघून खेळाडू ठरवायचा का?

स्कोअरटेबलवाला, होटगी रोड

मागच्या आठवड्यात शालेय बास्केटबॉल संघाच्या एका निवडीला बसलो होतो. निवड करणाऱ्यांच्या हातात तीन मॅचच्या स्कोअरशीट. पॉइंटच्या बेरजेवरून बोट खाली सरकत गेलं आणि बारा नावं ठरली. ज्या पोरानं तिन्ही मॅचमध्ये समोरच्या सगळ्यात उंच गड्याला पाठ लावून रिंगखालून बाहेर रेटलं, तो तेरावा. कागदावर त्याच्या नावापुढं चार पॉइंट आणि नऊ फाउल, बस्स.

त्या स्कोअरशीट मीच लिहिल्या होत्या, म्हणून जास्त लागलं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, स्कोअरशीटवर रनिंग स्कोअर असतो, फाउल असतात, टाइमआउट असतात. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील (समोरच्याचा बॉल हिसकावणं) यांना त्यावर जागाच नाही. ते टिपायला वेगळी माणसं बसवावी लागतात, आणि आपल्याकडं ती कोणी बसवत नाही.

पॅरिस ऑलिंपिकची अमेरिका-सर्बिया सेमीफायनल आठवा. आपल्याकडं ९ ऑगस्ट २०२४ उजाडला होता, रात्रीचा साडेबाराचा सुमार. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा सर्बिया ७६, अमेरिका ६३. शेवटी अमेरिका ९५-९१ नं जिंकली. सगळ्यांच्या तोंडी अमेरिकेच्या स्टीफन करीचे ३६ पॉइंट. पण सर्बियानं पहिल्या तीन क्वार्टरला ३१, २३ आणि २२ केले होते, शेवटच्या दहा मिनिटांत फक्त १५. ते १५ वर कोणी रोखले? कुठल्या खेळाडूच्या रकान्यात ते लिहिलंय? माझं म्हणणं एवढंच, की पॉइंटवरून संघ निवडणं बंद करा.

आकडाच खरा, जुळे सोलापूर

सर, पोराबद्दल वाईट वाटलं. पण दोष आकड्याचा नाही, तुम्ही एकच आकडा धरून बसलात त्याचा आहे.

करीचंच घ्या. सेमीफायनलला १९ प्रयत्नांत १२ बास्केट, त्यातले ९ थ्री, म्हणजे रेषेबाहेरून टाकलेले तीन पॉइंटचे शॉट. फायनलला फ्रान्सविरुद्ध १३ प्रयत्नांत ८, आणि ते आठही थ्री. साधी टक्केवारी ६३ आणि ६२ च्या आसपास. पण थ्रीला दीडपट वजन देऊन हिशेब केला तर सेमीफायनल ८७ टक्क्यांवर जाते आणि फायनल ९२ वर. २४ पॉइंट सगळे रेषेबाहेरून, तेही फक्त तेरा शॉट्समध्ये! २६ पॉइंट करणारा फ्रान्सचा वेंबान्यामा त्या मॅचचा टॉप स्कोअरर होता, तरी मॅच कोणी फिरवली हे आकडाच सांगतो. फ्रान्स तीन पॉइंटवर आला होता, ८२-७९. तिथून करीनं चार थ्री टाकले आणि ९८-८७ झालं.

आकडे कमी करू नका, वाढवा. डोळ्यानं बघून निवड केली की काय होतं ते सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे.

साखर पेठ, माजी गार्ड

वडील टॉवेलच्या मागावर होते. मजुरी किती माल उतरला त्यावर. माग अडला की तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक जायची, तो तेलानं काळे झालेले हात पुसत यायचा, दोन ठोके द्यायचा, कान लावून आवाज ऐकायचा आणि जायचा. मालाच्या हिशेबात त्याचं नाव कधीच नाही. पण तो ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी आमच्या घरी पैसे कमी यायचे.

सरांचा तो तेरावा पोरगा म्हणजे जॉबर आहे. बॉक्सआउट करून माणूस अडवतो हा, बॉल पडतो दुसऱ्याच्या हातात, रिबाउंड लागतो दुसऱ्याच्या नावावर. मी आठ वर्षं हेच केलं, मला विचारा.

आकडाच खरा, जुळे सोलापूर

@साखर पेठ, दादा, जॉबरचंही काम मोजता येतं की. माग किती तास बंद राहिला ते लिहा. बास्केटबॉलमध्ये प्लस-मायनस म्हणजे तेच. खेळाडू कोर्टवर असताना संघ किती पुढं गेला, किती मागं पडला. तो पोरगा खरंच एवढा उपयोगी असेल तर तिथं दिसेल.

साखर पेठ, माजी गार्ड

आणि त्याच्याबरोबर चार कच्चे गडी असले तर? प्लस-मायनस पाच जणांचं असतं, लागतं मात्र एकाच्या नावावर. तीन मॅचमध्ये त्यातून काही कळत नाही, चाळीस मॅच लागतात. आपल्या पोरांना वर्षाला दहा मिळाल्या तरी पुष्कळ.

खेळाडूची आई

मी खेळले नाही, पण माझी मुलगी खेळते, म्हणून लिहिते. आमची कुणाशी ओळख नाही. मिस्टर एमआयडीसीत, मी घरी शिवणकाम करते. मुलीची निवड झाली ती कागदावर तिचे पॉइंट सगळ्यात जास्त होते म्हणून. तो कागद नसता तर तिला कोणी उभं केलं नसतं. तुम्ही सगळे जाणकार आहात, पण "न दिसणारा खेळ" म्हणत निवड करायला लागलात, की तो खेळ फक्त ओळखीच्यांच्या पोरांत दिसेल. पॉइंट लपवता येत नाहीत. ते काढू नका.

अकरावीतली फॉरवर्ड

काकू बरोबर बोलतायत. सर, तुम्ही पुरुषांची मॅच सांगितली, मी मुलींची सांगते, त्याच ऑलिंपिकची फायनल. ११ ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून बघितली. हाफटाइमला २५-२५, शेवटी अमेरिका ६७, फ्रान्स ६६. फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सनं शेवटच्या क्षणी बॉल बोर्डला लावून आत घातला. पाय रेषेच्या मागं असता तर तीन पॉइंट आणि ओव्हरटाइम. पायाचा पुढचा भाग रेषेवर होता. दोनच मिळाले.

आता तिच्या नावापुढं १९ पॉइंट दिसतात, त्यात ते दोन. कागद खोटं बोलत नाही, पण तो शॉट किती मोठा होता ते त्यात कुठं आहे? आणि अमेरिकेच्या विल्सनचे २१ पॉइंट वाचतात, १३ रिबाउंड आणि ४ ब्लॉक (समोरच्याचा शॉट हातानं अडवणं) कोणी म्हणत नाही. एका पॉइंटनं जिंकलेल्या मॅचमध्ये चार ब्लॉक!

स्कोअरटेबलवाला, होटगी रोड

@खेळाडूची आई, ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. "पॉइंटवरून निवड बंद करा" हे मी चुकीचं लिहिलं, मागं घेतो. पॉइंटचा कागद राहू दे. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. अमेरिकेच्या लेब्रॉन जेम्सनं त्या सेमीफायनलला १६ पॉइंट, १२ रिबाउंड आणि १० असिस्ट केले. आपल्या स्कोअरशीटवर तो फक्त १६ चा माणूस राहिला असता. दहा असिस्ट म्हणजे साधारण वीस पॉइंट त्याच्या पासवर झाले आणि ते दुसऱ्यांच्या नावावर गेले.

आकडाच खरा, जुळे सोलापूर

असिस्ट नका घेऊ सर. पास दिल्यावर समोरच्यानं दोन ड्रिबल मारले तर असिस्ट द्यायचा का नाही, हे लिहिणाऱ्याच्या मनावर. तिथं पुन्हा ओळख शिरणार. रिबाउंड घ्या, टर्नओव्हर (बॉल समोरच्यांना गमावणं) घ्या, कोर्टवरची मिनिटं घ्या. यात वाद कमी.

स्कोअरटेबलवाला, होटगी रोड

मान्य. पुढच्या रविवारी चारशे पानी वही आणतोय. एका पानावर एक खेळाडू: मिनिटं, रिबाउंड, टर्नओव्हर. चौथा रकाना मी आखणार आहे, तुम्ही कितीही भांडा: बॉक्सआउट. बॉल कुणाच्याही हातात पडो, माणूस अडवला की एक रेघ. लिहायला माझ्याशिवाय दोघं लागतील, आणि त्यातला एक खेळाडूंच्या घरचा हवा. ताई, तुम्ही येता का?

खेळाडूची आई

येते. रिबाउंड म्हणजे काय ते तेवढं आधी दाखवा.