तीनशे लिटरच्या चार कापडी ग्रो बॅगा: काय लावू?

इंदिरानगरची गच्ची:
नमस्कार मंडळी. भावाची बदली झाली आणि त्याच्या चार कापडी ग्रो बॅगा माझ्या गळ्यात पडल्या. एकेक तीन फूट रुंद, दीड फूट उंच, तीनशे लिटर माती खाईल अशी. राखाडी, घोंगडीसारखं जाड कापड. सध्या घडी घालून जिन्यात पडल्यात. घर दोन मजली, वर मोकळी गच्ची, पश्चिमेचं ऊन अगदी दिवेलागणीपर्यंत. माझ्या मनात लिंबू, डाळिंब, अंजीर आणि आम्रपाली आंबा. सासूबाईंना केळ हवी, दर सत्यनारायणाला खांब विकत आणतो म्हणून. नवरा म्हणतो, मेथी-पालक टाक आणि मोकळी हो. कोणाचं ऐकू?

कॉलमबीम:
ताई, झाडाआधी वजन बघा. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, भार धरलाय चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. तुमची एक बॅग पाऊण चौरस मीटरसुद्धा जागा घेत नाही. कोकोपीट घालून हलकी भरली तरी ओली झाल्यावर ३०० किलोच्या घरात जाते, नुसत्या मातीची ४०० च्या पुढे. स्लॅबच्या मध्यावर ठेवायचा विचारही नको. ठेवायचीच तर कॉलमच्या डोक्यावर, बीमला धरून, तेही घर बांधणाऱ्या इंजिनीअरला विचारून. आणि जिथे राहणार तिथेच भरा, भरल्यावर ती कोणाच्या बापाला हलायची नाही.

माहेर_सटाणा:
मी कसमादेतली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), डाळिंबात वाढलेली, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे असंच समजा. एवढ्या बॅगेत पहिलं डाळिंबच. बहार धरायचा, म्हणजे ठरलेल्या हंगामात फुलं-फळं आणायची, तर झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडून पान पिवळं पडून गळेपर्यंत थांबायचं. काळ्या रानात ते सोपं नसतं, जमीन ओल सोडत नाही. त्यात हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातला, सगळा पावसाच्या मर्जीवर. कापडी बॅग सगळीकडून सुकते. सप्टेंबरात तोंडावर ताडपत्री बांधली की झाला ताण! भगवा जातीचं लावा. जून-जुलैतला मृग बहार मात्र नको, भर पावसात फळावर तेल्या रोगाचे डाग येतात. पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाका, जीव तुटला तरी.

लिंबू, अंजीरही येईल. मुळं कापडाशी पोचली की हवेने टोकं सुकतात आणि मागून नवी फुटतात, प्लास्टिकच्या कुंडीसारखी गोल गोल गुंडाळत बसत नाहीत. पण भरताना खत-कोकोपीट सढळ हाताने ओतू नका. ते कुजून खाली बसतं. भाजीच्या वाफ्यात दर हंगामाला वरून भर घालता येते. झाडाच्या बुंध्याशी घातली की बुंधा ओला राहतो आणि लिंबाला डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळतो. म्हणून झाडाला निम्म्याहून जास्त मातीच. रोप मधोमध उंचवट्यावर बसवा, कलमाचा सांधा मातीच्या चांगला वर राहू द्या.

कॉलमबीम:
म्हणजे झाडाला जड माती हवी आणि स्लॅबला हलकी. झाडं खालीच बरी.

मखमलाबादकर:
मी कॉलमबीम दादांच्या बाजूचा, आणि ताईंच्या नवऱ्याच्याही. तीन फुटी बॅग म्हणजे गोल वाफा. हलकं मिश्रण भरा, मधे दोन वांगी, भोवती मिरची, कडेला मेथी-कोथिंबीर, एका बाजूला काठ्या रोवून दोडका. उन्हाळ्यात मात्र दुपारी सावलीची जाळी लागेलच. इथल्या एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात कापड बाहेरून कडक होतं आणि माती कडेपासून आत सुटत जाते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मधली मुळं कोरडीच. बादलीने भागत नाही, ठिबक करा. द्राक्षवाल्यांच्या कृपेने नाशकात लॅटरल-ड्रीपर, म्हणजे ठिबकच्या नळ्या आणि थेंब सोडणाऱ्या तोट्या, गल्लोगल्ली मिळतात. एका बॅगेला नळीचं गोल वेटोळं, त्यावर चार ड्रीपर. बोअरचं पाणी असेल तर कापडावर पांढरी खार फुटेल. अधूनमधून खालून वाहून जाईल इतकं पाणी सोडायचं, पावसाळ्यात आपोआप धुतलं जातं.

इंदिरानगरची गच्ची:
सगळ्यांचे आभार. खाली कंपाउंडच्या आत पाच फुटांची फरशी घातलेली पट्टी आहे, तिथे दुपारपर्यंत ऊन असतं. डाळिंब आणि लिंबू तिथे. इंजिनीअर हो म्हणाले तर दोन बॅगा गच्चीवर, भाजीच्या. आंबा तूर्त रद्द. केळीचं काय सांगू सासूबाईंना?

माहेर_सटाणा:
केळ गच्चीवर नकोच, वाऱ्याने पानांच्या चिंध्या होतात. खालीच एखाद्या कोपऱ्यात बसराई जातीची लावा, बुटकी असते. पण पाणी मरणाचं पिते, आणि डाळिंबाला ताण द्यायच्या दिवसांत तिला भरपूर लागेल. दोघींचं ठिबक वेगळं ठेवा, मधे कॉक टाका.

इंदिरानगरची गच्ची:
मग लिंबू रद्द, केळ पक्की. घरात शांतता हवी. पोयटा माती किती मागवू? ट्रॅक्टरवाला एक ब्रासच्या खाली बोलायला तयार नाही.

कॉलमबीम:
ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुमच्या चारही बॅगा मिळून ४२-४३ घनफूट, आणि त्यातही भाजीच्या दोन हलक्या. नर्सरीतून गोण्यांवर आणा.