लेडीज ग्रुप, टिळकवाडी: जास्तीचा पंप कुठला घ्यावा?

अश्विनी (२०३): सगळ्यांना एक विचारायचंय. २६ आठवड्यांची रजा संपली, उद्यमबागला कामावर जाऊन महिना झाला. दुपारी दोनदा पंपनं बाळासाठी दूध काढते. काल मशीन चालू, आवाजही येतोय, खरं ओढच नाही. एकचं राहिलं, चारचं राहिलं. घरी पोचले तेव्हा छाती दगडासारखी. जिन्यातच रडू आलं मला. अडीअडचणीला एक जास्तीचा पंप घ्यायचाच ठरवलंय. दुसरा इलेक्ट्रिकच घेऊ का? तुम्ही कुठला वापरलाय?

शोभा काकू (तळमजला): अगं बाई. आता बरं हाय का? बाळ पिलं का रात्री?

अश्विनी (२०३): प्यायलं काकू. रात्री दोनला कुठं मोकळं वाटलं.

रूपा वैनी (१०१): माझ्या बहिणीचा निपाणीला माळ्यावर पडून आहे. दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक, सहा महिनेच वापरलाय. रविवारी येताना आणते की.

नंदाताई (३०२): वैनी, तुमचं मन मोठं आहे, खरं तो नको. घरगुती पंप एकीच्याच वापरासाठी बनवलेला असतो. काही मशीनमध्ये दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो, मग दुधाचा अंश नळीतून आत जातो. तिथं आपला हात पोचत नाही, उकळताही येत नाही. नवी बाटली नि नवी नळी लावली तरी आतलं राहतंच. हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात मी कुणालाच दुसरीचा वापरू देत नाही.

रूपा वैनी (१०१): बरं झालं सांगितलं. मला वाटलं बाटली उकळली की झालं.

नंदाताई (३०२): अश्विनी, नवीन मशीन बघायच्या आधी एक कर. फनेलच्या, म्हणजे छातीला लावायच्या नरसाळ्याच्या खाली पांढरी रबरी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. ती काढ, उजेडात धर आणि बाजूनं हलकी दाबून बघ. न दाबता तिची फट पूर्ण मिटलेली असायला पाहिजे.

अश्विनी (२०३): ताई, एका टोकाला चिरलीय! केसाएवढी. मी रोज बाटलीच्या ब्रशनं घासत होते.

नंदाताई (३०२): तेच झालंय. मोटर चांगली आहे तुझी. तेवढ्या चिरेतून हवा शिरते आणि ओढ जाते. झडप ब्रशनं घासायची नाही, साबणाच्या पाण्यात बोटानं चोळायची. रोज वापर असला की दोन-तीन महिन्यांत ती तशीही सैल पडते. तेव्हा पहिली खरेदी म्हणजे झडपांचा एक जास्तीचा जोड, तुझ्याच मॉडेलचा. तो कामाच्या पिशवीत ठेव. घरी ठेवून उपयोग नाही.

अश्विनी (२०३): मग दुसरा पंप नकोच?

नंदाताई (३०२): हवा. खरं इलेक्ट्रिक नको. चार्जिंग संपलं, लाईट गेली, पिन हरवली, की दोन्ही मशीन एकदमच बंद. अडचणीतला पंप वेगळ्या जातीचा पाहिजे. हँडल दाबायचा मॅन्युअल घे, इलेक्ट्रिकपेक्षा पुष्कळ स्वस्त. मोटर नाही, सुटे भाग थोडे. एका वेळी एकच बाजू होते आणि हात भरून येतो, हे आधी सांगून ठेवते. फनेलचा आकार मात्र नीट बघ. डब्यात बहुतेक २४ मिमीचा येतो आणि कितीतरी जणींना तो मोठा होतो. निपलची रुंदी बुडाशी पट्टीनं मोज, भोवतीचा काळा भाग धरू नको. फनेलची नळी त्याच्यापेक्षा किंचितच मोठी पाहिजे. काळा भागही आत ओढला जात असला तर माप चुकलंय.

मीनल (४०१): आणि तो सिलिकॉनचा, नुसता चिकटवून ठेवायचा?

नंदाताई (३०२): बाळ एका बाजूला पितंय, तेव्हा दुसऱ्या बाजूचं गळणारं दूध धरायला उत्तम. ऑफिसात बाळ जवळ नाही, पान्हा लवकर फुटत नाही, तिथं एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नको.

रूपा वैनी (१०१): मेडिकलमध्ये रबरी फुग्याचा मिळतो बघ, भोंग्यासारखा. अगदी स्वस्त.

नंदाताई (३०२): तो फुकट दिला तरी घेऊ नका वैनी. दूध फुग्यात शिरतं, आतून धुता येत नाही, जंतू वाढतात. किती जोरात ओढतोय त्यावरही ताबा राहत नाही, कातडी सोलून निघालेल्या बायका बघितल्यात मी.

शोभा काकू (तळमजला): मी एक सांगू का? माझा थोरला आठव्या महिन्यातला. काचेच्या पेटीत होता, ओढायची ताकद नव्हती त्याला. तेव्हा पंप कुठला? सिस्टरनं हातानं काढायला शिकवलं. अंगठा वर, दोन बोटं खाली, निपलपासून इंचभर मागं. आधी छातीकडं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडं आणायची, मग सोडायचं. कातडीवरनं घासत पुढं ओढायचं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येत नाही, पोरी तिथंच सोडून देतात. सोडू नको. आधी थेंब येतात, मग धार लागते. बोटांची जागा बदलत गोल फिरायचं. मी स्टीलच्या वाटीत काढून बोंडल्यानं पाजलंय त्याला, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आता गोव्याला नोकरीत आहे तो.

नंदाताई (३०२): काकू, अगदी हेच आम्ही आजही शिकवतो. अश्विनी, काल तुला हे येत असतं तर साबणानं हात धुऊन एका स्वच्छ वाटीवर निभावलं असतं. सगळं काढायचं नाही, छाती सैल होण्यापुरतं. मग थंड कापड ठेवायचं, जोरात चोळायचं नाही. लालसर पट्टा उठला किंवा ताप आला तर वाट बघत बसू नको, डॉक्टरला दाखव.

अश्विनी (२०३): मंगळवारी दुरुस्तीसाठी नऊ ते पाच लाईट नाही म्हणे. फ्रीजमधल्या दुधाचं काय करू?

नंदाताई (३०२): दार उघडलं नाहीस तर फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो, आठ तास नाही. सोमवारी रात्रीच आईस पॅक गोठवून ठेव. इन्सुलेटेड बॅगेत पॅकना चिकटून ठेवलेलं दूध २४ तास चालतं. एरवी फ्रीजमध्ये चार दिवस. बाहेर चार तास, तेही २५ अंशांपर्यंत. आता पावसात ठीक, एप्रिल-मेच्या दुपारी मात्र बाहेर ठेवूच नको.

अश्विनी (२०३): झडपांचा जोड मागवला. मॅन्युअल संध्याकाळी खडेबाजारात बघते, पट्टीनं मोजलं आत्ताच, १७ मिमी.

नंदाताई (३०२): मग १९ किंवा २१ चा फनेल मागून घे. मिळाला नाही तर आत बसवायचे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात. आणि घेतलास की शनिवारी घरी एकदा वापरून बघ. पहिल्यांदा ऑफिसच्या बाथरूममध्ये नको.

अश्विनी (२०३): हो ताई. काकू, हातानं काढायचं वाचून कळलं, खरं बोटं नेमकी कुठं येतात ते कळेना.

शोभा काकू (तळमजला): उद्या सकाळी बाळाला घेऊन खाली ये. दूध काढायच्या आधी शेकायला गरम पाण्यात बुडवून पिळलेलं कापड आणि वाटी काढून ठेवते. मीनल, तूपण ये गं, तुझा सातवा संपत आलाय.