मदत हवी आहे: गळती थांबवायला गच्चीचा कोबा फोडावा की वरून लेप पुरेल?

नमस्कार मंडळी. दादरला जुनी चार मजली इमारत, आम्ही सगळ्यात वर. बेडरूमच्या छताचे पोपडे पडून आता गंजलेली सळई दिसतेय. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा (पाणी अडवणारा, उतार देणारा थर), वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). उन्हाने तडे गेलेत, पाइपच्या तोंडाशी पाणी तुंबतं. सोसायटीने मारलेल्या पांढऱ्या लेपाचे एका उन्हाळ्यात पापुद्रे सुटले. खालची ओल वाळू न देताच मारला होता, दुसरं काय होणार! एक कंत्राटदार म्हणतो, कोबा फोडून उतार नव्याने द्या. दुसरा म्हणतो, पत्र्याची शेड टाका. (महापालिकेच्या परवानगीचं नाव नाही.) कोणी कोबा नव्याने केलाय का? पाणी भरून चाचणी किती दिवस ठेवलीत? आणि सळईचं काम आधी की गच्चीचं? पावसाच्या आत उरकायचंय.