आठ तास ड्युटी: नुसता जीआर पुरणार नाही

पोलिसांच्या ड्युटीच्या चर्चेत एक मत असं मांडलं जातंय की आपल्या सोलापूरच्या आमदारांनी पाठपुरावा करून आठ तासांच्या ड्युटीचा जीआर (शासन निर्णय) काढून घेतला की पोलिसांच्या तब्येतीचा प्रश्न सुटेल. मागणी रास्तच आहे, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 28 बघा: रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस त्या कायद्यापुरता सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं. कायदा असा असताना जीआरमधले आठ तास सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत, आषाढीला पंढरपुरात, गणपतीत आधी बाजूला पडतात. नेमके तेच दिवस कंबर आणि पायाच्या शिरा घेऊन जातात. कलम काढून टाका असं मी म्हणत नाही, साप्ताहिक सुट्टीवरच्या पोलिसालाही चोर धरायचे अधिकार हवेतच. त्याच कलमाला परंतुक (म्हणजे 'मात्र' म्हणून जोडलेली अट) जोडून दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती आणि बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची ठरावीक मुदतीत भरपाई बंधनकारक करा. 'पोलीस' हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्याने कायदे करायचा विषय, त्यामुळे दुरुस्ती मुंबईतच होऊ शकते, दिल्लीकडे बघायची गरज नाही.

आणि हे आमदारांनीच का करायचं? 1966 च्या केंद्रीय कायद्यामुळे पोलिसांना परवानगीशिवाय कामगार संघटना करता येत नाही, मोर्चा-संप दूरच. पोलिसांच्या कुटुंब आरोग्य योजनेचा प्रश्नही म्हणूनच आमदारांनी मांडायला हवा. तिचा भर बायपास, अँजिओप्लास्टीसारख्या दवाखान्यात भरती व्हायच्या आजारांवर. बीपी-शुगरच्या दर महिन्याच्या गोळ्यांची सोय तिथे आधी झाली असती, तर अशा भरती होणाऱ्यांपैकी कितीतरी जणांवर ऑपरेशनची वेळच आली नसती. हे कुणीतरी सभागृहात ठासून मांडलं पाहिजे.