ई-पुस्तकांच्या परवान्यांमुळे ग्रंथालयांची मालकी संपत चालली आहे का?

नित्यवाचक :
ग्रंथालयांनी डिजिटल व्हावे की नाही, हा वाद आता शिळा झाला. मला खटकते ते वेगळेच. छापील पुस्तक एकदा खरेदी केले की ते ग्रंथालयाचे होते. ते कितीही सभासदांना द्यावे, बांधणी सुटली तर पुन्हा बांधून घ्यावे, प्रकाशकाला विचारावे लागत नाही. ई-पुस्तकाचा मात्र बहुधा परवानाच मिळतो आणि त्याला मुदत असते, नाहीतर वापराची मर्यादा. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये २६ वेळा देवघेव झाली की परवाना संपेल, अशी अट घातली. मॅकमिलन या प्रकाशकाने २०१९ मध्ये नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे ग्रंथालयाला एकच प्रत देण्याचे धोरण आणले आणि ग्रंथालयांच्या तीव्र विरोधानंतर मार्च २०२० मध्ये ते मागे घेतले. जो संग्रह दुसऱ्याच्या मर्जीवर टिकतो, त्याला संग्रह म्हणायला माझे मन धजत नाही.

देवघेव :
मी देवघेव विभागात काम करतो आणि मला हे पटत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र सांगते की ग्रंथ उपयोगासाठी आहेत; मालकीचा उल्लेख पाचांपैकी एकातही नाही. आमच्या एक ज्येष्ठ सभासद मोठ्या टायपातली मोजकी पुस्तके वाचून संपल्यावर येईनाशा झाल्या होत्या. पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे शेजारी बसून दाखवल्यावर त्या पुन्हा नियमित वाचू लागल्या. त्यांना परवान्याची मुदत सांगून काय साधणार? शिवाय ज्यांच्या घरी संगणक नाही, असे कितीतरी लोक नोकरीचे अर्ज भरायला आमच्याकडेच येतात, आणि ते कामही मी ग्रंथालयाचेच मानतो.

नित्यवाचक :
त्या सभासदांची सोय व्हायलाच हवी. पण पाचवे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णु संस्था म्हणते, आणि मुदत संपली की गळणारा संग्रह वाढणार कसा? ॲमेझॉनने २००९ मध्ये ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली काही ई-पुस्तके किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर पुसून टाकली होती. स्वतःकडची छापील प्रत स्कॅन करून एका वेळी एकाच वाचकाला देण्याचा मार्ग इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने काढला, तोही अमेरिकी न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा ठरवला आणि २०२४ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

जुनी नोंद :
दोघेही छापील प्रत सुरक्षित आहे असे गृहीत धरत आहात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या ग्रंथांची ऑनलाइन तालिका, म्हणजे सूची, जानेवारी २०२४ पर्यंत बंद राहिली. ग्रंथ फडताळात होते, पण ते शोधून मागवणे अवघड होऊन बसले. त्यामुळे एकाच जागी, एकाच यंत्रणेवर विसंबणे धोक्याचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या लॉक्स प्रकल्पात अनेक ग्रंथालये नियतकालिकांच्या डिजिटल प्रती आपापल्याकडे ठेवतात, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि बिघडलेली प्रत दुरुस्त होते. प्रकाशकाशी करार करतानाच अशी प्रत ठेवण्याचा हक्क मागावा, असे मला वाटते.

देवघेव :
मोठ्या विद्यापीठांना ते जमेल. एकच ग्रंथपाल असलेल्या ठिकाणी तो हक्क मिळूनही सांभाळणार कोण? जोवर त्यासाठी माणूस आणि निधी मिळत नाही, तोवर मी परवाना घेत राहीन, कारण पुस्तक मागणारा वाचक आज समोर उभा असतो.