जुन्या बंगल्याचं काँक्रीट पाडायचं: पाडकाम कंत्राटदारच हवा की ब्रेकरवाला पुरे?
(ओळंबा, थापी, गुण्या आणि रंधा या नावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

ओळंबा
पुण्या-नाशकात १९७५ ते ८५ च्या दरम्यान उठलेल्या बंगल्यांची मोठी डागडुजी सध्या सगळीकडे निघते आहे. कामं ठरलेली असतात: पुढचा पोर्च पाडायचा, सळया उघड्या पडलेले छज्जे काढायचे, गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा गळतीरोधक थर) उकरायचा, अंगणातलं फुटलेलं काँक्रीट उचलायचं. मालक नाक्यावरून दोन ब्रेकरवाले (काँक्रीट फोडायचं यंत्र चालवणारे) आणि चार बिगारी आणतो, रोजावर लावतो आणि राडारोड्याचं ट्रॅक्टरवाल्यावर सोपवतो. ही पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाडण्याचा क्रम लिहून घ्यावा आणि सगळं काम एकाच पाडकाम कंत्राटदाराला द्यावं.

कारण लोखंड कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या अंगाला असते, छज्ज्यात ती वरच्या अंगाला. जुन्या बंगल्यात छज्जा लिंटेलबरोबर (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईबरोबर) भरलेला असतो आणि लिंटेलवरच्या भिंतीचं वजन त्याला मागून दाबून धरतं. ती भिंत आधी उतरवली की छज्जा उलटून खाली येतो. बिगारी तर बहुधा छज्ज्यावर उभा राहूनच भिंत फोडत असतो. बरोबर क्रम असा: छज्ज्याखाली चार-चार फुटांवर लोखंडी जॅक लावायचे, जॅकच्या खाली-वर फळी द्यायची, बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे फोडत यायचं आणि वरची सळई सर्वात शेवटी कापायची. फोडणारा माणूस वेगळ्या पराचीवर (मचाणावर) उभा हवा, छज्ज्यावर नाही.

पोर्चचा धोका याहून लपलेला आहे. हॉल आणि पोर्चची स्लॅब बऱ्याचदा सलग भरलेली असते आणि मधल्या तुळईवरून वरच्या अंगाची सळई दोन्हीकडे जाते. पोर्च कापला की हॉलच्या स्लॅबला त्या कडेला मिळणारा आधार ढिला पडतो. एका टोकाला सलग असलेल्या गाळ्याच्या मध्यावरचा वाकण-ताण ढोबळमानाने ‘भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले १०’ धरतात. दोन्ही टोकं सुटी झाली की भागिले ८, म्हणजे २५ टक्के वाढ. चाळीस वर्षं गंजलेल्या सळईला ती झेपेल का, हे पोर्च पाडायच्या आधी तपासायचं असतं. हॉलच्या छताला तडा काही आठवड्यांनी दिसतो, तोवर ब्रेकरवाला पैसे घेऊन गेलेला असतो.

थापी
छज्जा आणि पोर्चबद्दल वाद नाही. पण ‘सगळं काम’ कंत्राटदाराला द्या, याला माझा विरोध आहे. अंगणातलं काँक्रीट जमिनीवर पडलेलं असतं, ते कुठे कोसळणार? ५०० चौरस फूट, ४ इंच जाडी, आत लोखंड नाही. म्हणजे १६७ घनफूट, पावणेदोन ब्रासच्या आत (ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन ब्रेकर आणि तीन बिगारी दोन-तीन दिवसांत हे उरकतात.

कंत्राटदार काय करतो? त्याला वेळ वाचवायचा असतो, म्हणून तो जेसीबी आत घालतो. साडेसात-आठ टनांचं यंत्र फूट-दीड फुटावर पुरलेल्या जुन्या चिनी मातीच्या ड्रेनेज पाइपांवरून फिरतं, आणि ते पाइप सांध्यात फुटतात. सेप्टिक टँकचं झाकण तर त्या वजनाखाली आतच जाईल. शिवाय ब्रेकर जोत्याला लागून चालवला की हादरे थेट भिंतीत जातात. हाताने हेच काम स्वच्छ होतं. मोकळ्या कडेपासून सुरुवात करा, कडेखालची माती कुदळीने फूटभर आत पोखरा, पहारीने लादी इंचभर उचलून खाली दगडाची चीप सरकवा आणि कडेपासून फूटभर आत घणाचा घाव घाला. जमिनीवर बसलेलं काँक्रीट घाव पचवतं, अधांतरी उचललेलं लगेच तडकतं. एक फूट बाय एक फुटाचा तुकडा साधारण २३ किलो भरतो, तो एक माणूस उचलू शकतो. त्याहून मोठे तुकडे काढू नयेत, पाठी जातात.

गुण्या
थापी, पोखरून उचलायची पद्धत चांगलीच आहे, पण दोन गोष्टी राहिल्या. पहिली, जोत्याला चिकटलेली कड. अंगणाचं काँक्रीट भिंतीच्या गिलाव्याला, कधी जोत्याच्या पट्ट्यालाही घट्ट धरलेलं असतं. लादी उचलताना ती जोत्याचा गिलावा आणि विटांचे पापुद्रे घेऊन येते. म्हणून आधी जोत्यापासून सहा इंचांवर डायमंड ब्लेडने पूर्ण जाडीचा काप हवा. पाच इंची ग्राइंडर जेमतेम सव्वा इंच आत जातो, चार इंचांसाठी १४ इंची ब्लेडचं फ्लोअर कटर आणि सोबत पाणी लागतं. ते नाक्यावरच्या माणसाकडे नसतं. कापाच्या आतली सहा इंची पट्टी मग हातोडी-छन्नीने काढायची.

दुसरी, जमिनीखाली काय आहे. मीटरपासून आलेली केबल, अर्थिंगची पट्टी, जीआयची पाण्याची लाइन, आणि आता बऱ्याच भागांत घरगुती गॅसची पाइपलाइन. ब्रेकरची छन्नी यातलं काहीही सहज भेदते. फोडायच्या आधी चेंबरची झाकणं उघडून एका चेंबरपासून दुसऱ्यापर्यंत खडूने रेघ मारा, त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन फूट फक्त हातकाम. गॅसची लाइन असेल तर गॅस कंपनीला कळवून तिची जागा खुणावून घ्या. ब्रेकर दीड-दोन हजार वॉटचा असतो. तो घरातल्या जुन्या बोर्डाच्या प्लगला न लावता ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतून (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्यावा, कारण पाणी मारत फोडताना खाली चिखलच असतो.

रंधा
गच्चीच्या कोब्यावर कोणी बोललं नाही, आणि नुकसान सर्वात जास्त तिथे होतं. माझं म्हणणं ओळंबा आणि थापी दोघांहून वेगळं आहे: कोबा गळत नसेल तर हात लावू नका. गळत असेल तर आधी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेची गोलाई, पावसाळी पाइपाचं तोंड आणि पाण्याच्या टाकीचे पाये तपासा. पुष्कळदा गळती तिथून असते आणि मालक मात्र सगळा कोबा उखडायला निघतो.

उखडायचाच तर दहा-सोळा किलोचा ब्रेकर गच्चीवर चढवूच नका. कोबा ४ ते ६ इंचांचा, त्याखाली स्लॅब तेवढीच. छन्नी उभी धरली की कोबा संपून स्लॅब कधी सुरू झाली ते हाताला कळत नाही. पाच किलोचं मशिन, चपटी रुंद छन्नी आणि ती तिरपी धरून सोलल्यासारखं काम. पावसाळी पाइपांची तोंडं आधी गोणपाटाने बंद करा, नाहीतर पाइपाच्या बाकात खडी आणि चुरा जमतो आणि जुलैत गच्चीचं तळं होतं.

आणि राडारोडा गच्चीवर साठवू नका. गच्ची साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर वापराच्या भाराला धरलेली असते, राहत्या खोलीची स्लॅब २०० ला. फूटभर उंचीचा सुटा राडारोडा साडेचारशे किलोच्या पुढे जातो. संध्याकाळी मध्यभागी ढीग रचून सकाळी उतरवू म्हणतात, त्याची भीती वाटायला हवी. जेवढं फोडाल तेवढं गोणीत भरून त्याच दिवशी खाली.

थापी
रंधा, कोब्याबद्दल पूर्ण सहमत. पण बघा, पाच किलोचं मशिन आणि गोणी याला कंत्राटदार कशाला हवा? जाणता मुकादम पुरतो. ‘पाडकाम कंत्राटदार’ असा बोर्ड लावणारे बरेच जण त्याच नाक्यावरून तीच माणसं उचलतात आणि मधला हिस्सा काढतात. मालकाला वाटतं तज्ज्ञ आला, प्रत्यक्षात गच्चीवर चढतो तो पहिल्यांदाच ब्रेकर धरणारा पोरगा.

राडारोड्याचंही तेच. आपल्याच प्लॉटवर जोत्यात भराव लागणार असेल तर उचलायची गरज काय?

ओळंबा
बोर्डवाल्यांची तक्रार खरी आहे, म्हणून तर निवडताना प्रश्न विचारायचे. कामगारांच्या अपघात भरपाईची पॉलिसी दाखवा, आमच्या कामाच्या तारखा तिच्यात बसतात का? मजूर तुमचे की दुसऱ्याचे? जॅक किती आणणार? सळई कापायला गॅस कटर की ग्राइंडर, आणि गॅस असेल तर सिलिंडर कुठे उभं करणार? पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ४१३० ही भारतीय संहिता आहे, तिचं नावही ज्याने ऐकलेलं नाही त्याला पोर्च देऊ नये. मुकादम कितीही जाणता असला तरी माणूस पडला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे रोजंदारीत कुठेच लिहिलेलं नसतं. पडणाऱ्याच्या घरच्यांचं त्यात काय होतं, याचा विचार मालकाने करायलाच हवा.

गुण्या
भरावाबद्दल: निव्वळ काँक्रीट आणि विटा तीन इंचांहून लहान फोडून, मुरुमात मिसळून, सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसले तर भराव चालतो. पण ट्रॉलीत जे जमतं त्यात पीओपी, लाकूड, प्लास्टिक, वायरी सगळं असतं. लाकडाला वाळवी लागते, मोठ्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि दोन पावसाळ्यांत वरची फरशी खचते. जुने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर ते यात फोडून टाकायचेच नाहीत, ओले करून अख्खे काढायचे आणि वेगळे ठेवायचे.

उरलेलं कुठे जातं हेही मालकानेच पाहायला हवं. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम केंद्राने २०१६ मध्ये काढले. पुणे महापालिकेचं प्रक्रिया केंद्र वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचं मोशीला, मुंबईत पालिकेला कळवून राडारोडा उचलून घेण्याची सोय आहे. तरीही ट्रॅक्टर रात्री नदीकाठी आणि टेकडीच्या उतारावर रिकामे होतात. मुठेचं पात्र अशा भरावांनी अरुंद होत चाललंय आणि पुराचं पाणी वस्तीत शिरतं. ट्रॉली रिकामी झाल्याची केंद्राची पावती दाखवल्याशिवाय वाहतुकीचे पैसे देऊ नका.

मापाचंही बोला. दर ट्रॉलीवर ठरवला की ट्रॉली अर्धी भरून जाते. अंगणाचं थापींनी काढलेलं १६७ घनफूट फुटल्यावर सुटं होऊन अडीचशेच्या आसपास फुगतं, वजन मात्र सव्वाअकरा टनच राहतं. म्हणून फोडायच्या आधी लांबी-रुंदी-जाडी दोघांनी मिळून मोजावी आणि दर घन मापावर लावावा. जाडी कडेला बघून धरू नका. मध्ये दोन ठिकाणी भोक पाडून बघा, जुन्या अंगणात काँक्रीटवर काँक्रीट ओतलेलं पुष्कळदा निघतं.

रंधा
निघालेलं लोखंड कोणाचं हेही आधी लिहा. १० मिमी सळई मीटरला ०.६१७ किलो भरते, त्यामुळे पोर्च आणि छज्ज्यांचं मिळून बरंच होतं. कंत्राटदार ते धरूनच दर कमी सांगतो आणि मालक नंतर भंगारवाल्याला बोलावतो, तिथे भांडण होतं.

शेजाऱ्यांनाही आधी सांगा. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, ब्रेकर ती पहिल्याच मिनिटाला ओलांडतो. दुपारी दोन तास यंत्र बंद ठेवलं तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं झोपू शकतात. सामाईक भिंतीवरच्या जुन्या तड्यांचे तारखेसह फोटो शेजाऱ्यासमोरच काढा.

थापी
लोखंड आणि फोटो, दोन्ही मान्य. जोत्यालगतचा काप घ्यायला फ्लोअर कटर भाड्याने मिळतं, चालवणाऱ्यासकट. म्हणजे अंगणासाठी कटर एक दिवस, ब्रेकरवाले तीन दिवस आणि वाहतूक वेगळी. एवढ्या कामासाठी मी अजूनही कंत्राटदार सुचवणार नाही. धुळीसाठी पाण्याची नळी सतत चालू ठेवा आणि माणसांना एन-९५ मास्क द्या, तोंडाला बांधलेल्या रुमालातून सिलिकाची बारीक धूळ सरळ आत जाते.

ओळंबा
मग त्या चार-पाच दिवसांसाठीही अपघात पॉलिसी मालकाने स्वतः काढावी. अंगणापुरता वाद मी इथे थांबवतो. पोर्चबाबत शेवटचं, कारण हे नेहमी राहून जातं: जिथे स्लॅब तोडली त्या कडेला सळयांची टोकं उघडी सोडू नका. पुढे तिथे नवीन स्लॅब जोडायची असेल तर सळईच्या व्यासाच्या पन्नास पट लांबी, म्हणजे १० मिमीला ५० सेंटिमीटर, शिल्लक ठेवून तिला गंजरोधक लेप द्या. जोडायची नसेल तर टोकं काँक्रीटच्या आत इंचभर कापून खड्डे पॉलिमर मॉर्टरने भरा. कडेवर गिलाव्यात पाणी तोडणारी खाच ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून हॉलच्या छताखाली येणार नाही. कंत्राटदाराचे शेवटचे दहा टक्के हे होईपर्यंत रोखून धरा.