दारावरचा आकडा की त्याहून चार जास्त?

चाकोरी
मत थेट मांडतो, मग फोडा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा जो आकडा चिकटवलेला असतो, तो ठरवताना कंपनीने बसणाऱ्यांच्या पाठीचा विचार जरा जास्तच केलेला असतो. स्टिकर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) म्हणत असेल तर चारही चाकांत ३६ भरावी.

चाकाच्या प्रत्येक फेरीत रबर दबतं आणि परत ताणलं जातं. त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हवा जितकी कमी, तितकं हे दबणं जास्त. शिवाय टायरमधून महिन्याला १-२ पीएसआय हवा आपसूक जातेच. ३२ भरून दोन महिने विसरलात तर २९ वर येता, ३६ भरून विसरलात तर ३३ वर. आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, कमाल ४४ किंवा ५१ लिहिलेलं असताना ३६ ला घाबरायचं कशाला?

स्टेपनी
विसरभोळेपणाला औषध म्हणून जास्त हवा, हे आवडलं! पण हिशोब करू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा की चारही टायरांची सरासरी हवा १ पीएसआयने घटली की अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. स्टिकरच्या वर फायदा याहून कमीच असणार, तरी तोच दर धरा. ४ पीएसआयला ०.८ टक्के. लिटरला २० किमी देणारी गाडी २०.१६ देईल. हायवेवर वेग १०० वरून ९० वर आणलात तर याच्या कितीतरी पट वाचेल, कारण तिथे खरा खर्च वारा कापण्यात होतो.

आता किंमत बघा. टायर ही स्वतःच एक स्प्रिंग आहे आणि तिचा कडकपणा ढोबळमानाने हवेच्या प्रमाणात वाढतो. ३२ ची ३६ केली की ती आठव्या हिश्श्याने कडक झाली. खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबताना चाक जास्त उसळतं, आणि हवेत असलेलं चाक गाडी थांबवत नाही. साइडवॉलवरचा ४४ हा टायरचा सोसण्याचा आकडा आहे. तोच टायर हलक्या हॅचबॅकलाही बसतो आणि जड सेडानलाही. तुमच्या गाडीचं वजन त्याला कुठून कळणार?

गतिरोधक
मी दोघांच्याही उलट. खड्ड्यांचा रस्ता, गाडीत दोन माणसं, वेग ४० च्या आत. ३२ ऐवजी २८ ठेवली तर हादरे कमी बसतात, सस्पेन्शनचे बुश टिकतात, रिमही वाचते.

चाकोरी
@गतिरोधक, हादरे कमी बसतात हे खरं. रिमचं मात्र बरोबर उलटं आहे. हवा कमी असली की खड्ड्याच्या धारेवर टायर पूर्ण चेपतो आणि साइडवॉल रिम व धार यांच्यात चिमटली जाते. आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्या फुग्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. कमी भाराची सूट हवी असेल तर बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर दोन ओळी असतात, दोन-तीन माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरी. पहिली वाचा. तिच्याही खाली जाऊ नका.

पाना_तेरा
२८ चा खरा धोका गल्लीत नाही, त्याच हवेवर पाच माणसं आणि सामान घेऊन हायवेला लागलात की आहे. भार टायरच्या दोन्ही खांद्यांवर (नक्षीच्या कडांवर) जातो, साइडवॉल सतत वाकते, पोलादी पट्ट्यांच्या कडा तापतात आणि तिथून थर सुटायला लागतात. डॅशबोर्डवरचा कमी हवेचा दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. अमेरिकेच्या नियमात तो स्टिकरपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागला तरी चालतो. ३२ च्या गाडीत म्हणजे २४ वर!

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायचा वेग काढायचं नासाचं जुनं सूत्र हवेच्या वर्गमुळावर चालतं. ३२ ला तो सुमारे ९४ किमी येतो, २४ ला ८२.

आणि स्टिकर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २००० साली फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोन टायर परत मागवले गेले, तेव्हा गाडी कंपनीचा आकडा २६ होता आणि टायर कंपनी ३० म्हणत होती.

स्टेपनी
एक्सप्लोररवरून इतकंच निघतं की कमी हवा अंगाशी येते. जास्त भरा, हे त्यातून निघत नाही. नासाचं सूत्र विमानाच्या टायरांवरून आलेलं आहे. कारला नक्षीची खोली तितकीच भोवते. ३६ भरलेला झिजलेला टायर ३२ च्या नव्या टायरआधी तरंगेल.

वाद ३२ की ३६ चा, पण मोजतो कोण आणि कधी? गाडी किमान ३ तास उभी असावी, ऊन एका बाजूच्या टायरांवर नसावं. चालवून आल्यावर आकडा ३ ते ५ ने वर दिसतो, तेव्हा हवा सोडायची नाही. सोडलीत तर सकाळी टायर उपाशी. गरम टायरमध्ये भरावीच लागली तर स्टिकरपेक्षा ३-४ जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना नीट करा. तापमान १० अंशांनी उतरलं की दीडेक पीएसआय जाते, म्हणून थंडी पडली की पुन्हा बघा. पंपावरचं मीटर २-३ ने चुकू शकतं, तेव्हा स्वतःचा गेज ठेवा.

गतिरोधक
बरं, २८ सोडतो. पण मूळ १८५/६५ आर१५, ८८ च्या जागी १९५/५५ आर१६ टाकले तर स्टिकरचं काय?

पाना_तेरा
८८ हा भाराचा सांकेतिक आकडा, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. नवे टायर ८७ चे असतील तर ५४५, म्हणजे तितकाच भार पेलायला १-२ पीएसआय जास्त. ९१ एक्सएल (जादा भाराचा टायर) घेतलेत तर लोक हमखास फसतात. त्याचे ६१५ किलो ४२ पीएसआयला मिळतात. ३६ ला तो साध्या ८७ इतकाच भार उचलतो. ‘एक्सएल आहे, दणकट आहे, कमी हवेवर चालेल’ हे साफ चूक.

चाकोरी
३६ वरून ३४ वर यायला तयार आहे, खाली नाही. @स्टेपनी, जास्त हवेने टायर मधोमध झिजतो असं म्हणणारे कायम भेटतात, पण रेडियलमध्ये पोलादी पट्टे आहेत, दोन-चार पीएसआयने मध्य फुगत नाही. खोली मोजून दाखवा.

स्टेपनी
मोजा, पण मागच्या चाकांवर. पुढची चाकं वळणात खांद्यावर घासतात, त्यामुळे मधली झीज झाकली जाते. मागच्या टायरची मधली खाच कडेच्या खाचेपेक्षा १ मिमी उथळ निघाली तर २ पीएसआय उतरवा. आणि उतरवताना पुढच्या-मागच्यातला स्टिकरवरचा फरक कायम ठेवा. एकट्या मागच्या चाकांची हवा कमी केलीत तर वळणात गाडीचं शेपूट आधी सुटेल.